चौसष्टावा धवला

नीला त्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर स्टेशनाकडे वळली ती फक्त दोन फ्लॉप्या घ्यायला. गोष्ट एवढीच. भुताखेतांचं तिच्या मनातही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पंच्याण्णव सालचा जून सरत आलेला. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ऑफिसात ती कॉम्प्युटर ऑपरेटर होती. तिथे नवी मशिनं आली, तेव्हा जुन्यातलं एक तिने साहेबांकडून मागून घरी आणलं. घर चेंदणी कोळीवाड्यातलं. पुढच्या खोलीत जाळी, टोपल्या, भिंतीला टेकवलेली वल्ही, आणि त्यांच्या शेजारी टेबलावर हा पांढरा डबा. सगळी गल्ली येऊन बघून गेली. कोणी विचारलं, यात पिक्चर लागतो का? कोणी म्हणालं, सुकी मासळी ठेवायला बरा आहे.

डबा आणला होता तो आत्यासाठी. सगुणाआत्या म्हणजे नीलाच्या बाबांची, गोमाजींची, थोरली बहीण; ते तिला बाय म्हणायचे. ती धवलारीण होती, लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी. भटजी नंतर, आधी आत्याचा धवला. हळदीचा वेगळा, मांडवाचा वेगळा, वरात दारात आली की आणखी वेगळा. एक ओळ कुठे लिहिलेली नाही, सगळं तिच्या डोक्यात. आणि ते डोकं आता सत्तरीला टेकलेलं.

"तू शिक गो नीले," आत्या सांगून सांगून थकली. पण नीलाचा आवाज फाटका. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की तिचे हातपाय गळायचे.

"मी लिहून घेते ना, आत्ये. या डब्यात राहतील."

"डब्यान?" आत्या हसली. "डब्याला गला हाय का?"

तरी बसली बिचारी. दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आत्या खाटेवर, बोटाला मशेरी, उशाशी पाण्याचा तांब्याचा पेला. ती म्हणायची, नीला टाइप करायची. एकेक धवला संपला की आत्याचं ठरलेलं वाक्य, "झाला. आता पानी दे." एकदा नीला इतकी तंद्रीत होती की तिने तेही टाइप केलं. वाचून दाखवल्यावर आत्या खोकला लागेपर्यंत हसली. नीला पुसायला गेली तर तिने हात धरला.

"ऱ्हाऊ दे. माजी तहानपन ऱ्हाऊ दे आत."

असे त्रेसष्ट धवले झाले. उरला एक, पाठवणीचा. त्याला मात्र आत्या तयार होईना. उंबऱ्यात नवरी उभी नसताना तो म्हणायचा नाही, असा त्यांच्या घरातला रिवाज. नीलाची धाकटी बहीण सुमती हिचं लग्न डोंबिवलीत ठरलेलं, मार्गशीर्षातली तारीख. "सुमतीला उंबऱ्यान उबी करा," आत्या म्हणाली, "तवा म्हनन. तू तवा लिव."

आता फ्लॉप्यांचं. ऑफिसातली मशिनं दुरुस्त करायला पोपटराव म्हणून एक गृहस्थ होते, सोलापूरकडचे, सरळ बोलणारे. त्रेसष्ट धवले मशीनमधल्या एकाच डिस्कवर आहेत म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "ताई, एकाच जागी ठेवलंय ना? मग ठेवलंच नाही असं समजा. डिस्क कधी मान टाकेल, तिचं तिला माहीत."

रविवारी ते मुद्दाम घरी आले आणि आठ-दहा ओळींचा छोटासा प्रोग्राम लिहून देऊन गेले. मशीन चालू केलं की ते आपणहून सगळे धवले फ्लॉपीवर उतरवून घ्यायचं. नीलाने फक्त फ्लॉपी घालायची; सम तारखेला लाल चिठ्ठीची, विषम तारखेला निळ्या. एक बिघडली तर दुसरी हाताशी. "आणि महिन्यातून एकदा तिसरी प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवायची," पोपटराव चपला घालताना म्हणाले. नीला म्हणाली, "तिसरीचं बघू नंतर." आपण सगळेच असं म्हणतो हो!

फ्लॉपी आत गेली की मशीन आवाज करायचं. घर्र… टक. टक-टक. घर्र… टक. आत्या मान हलवत ऐकायची. "यो मेला ताल बरा धरतं," म्हणायची.

नारळी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी आत्या झोपेतच गेली. चौसष्टावा धवला सोबत घेऊन गेली. वर्षभर लग्न नको, असं गल्लीतली जाणती माणसं म्हणाली. पण आत्या गोमाजींना आधीच बजावून गेली होती, माज्यासाठी पोरीचं लगीन अडवू नका. तेव्हा लग्न ठरल्या दिवशीच, आणि धवले आत्याचेच. कागदावर छापून घ्यायचे, बायकांनी बघून म्हणायचे. सुमतीने रडत रडत एवढंच मागितलं होतं, आणि नीलाने तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता.

मग आला दसरा. टेंभी नाक्याची देवी उठायची गर्दी, गल्लीत झेंडूचे ढीग. कोळीवाड्यात त्या दिवशी होडीची पूजा, जाळ्यांची पूजा, कोयता-विळीची पूजा. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हळदकुंकू. मग कॉम्प्युटरने काय घोडं मारलं होतं? नीलाने त्याला पुसलं, हार घातला, कुंकवाची पाच बोटं उठवली. समोर पाटावर दोन्ही फ्लॉप्या मांडल्या, लाल आणि निळी. आत्याची गाणी त्यांत, म्हणून त्यांना तर ओंजळभर हळदकुंकू वाहिलं आणि आंब्याच्या पानाने वरून पाणी शिंपडलं. मनापासून केलं हो तिने.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज दोनदा जाऊन आली. नीलाने मशीन लावलं. आतून खवले खरवडल्यासारखा आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. तिने लाल फ्लॉपी घातली. मग निळी घातली. मग पोपटरावांना फोन करायला वाण्याकडे धावत गेली.

डिस्क मेलेली होती. पोपटरावांनी लाल फ्लॉपीची पत्र्याची झडप बाजूला सारली, तर आतल्या चकतीवर कुंकवाचा ओला लगदा. निळीचंही तेच. त्यांनी दोन्ही फ्लॉप्या रुमालावर शेजारी शेजारी ठेवल्या. एवढंच म्हणाले, "ताई… देवाला वाहायचं, हिला नाही." आत्या दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी आपण तिला घालवली, असं नीलाला वाटलं. त्या दिवशी ती जेवली नाही. सुमतीला सांगायची हिंमतही झाली नाही.

पोपटरावांनी आठ दिवसांत दुसरी जुनी डिस्क बसवली, फ्लॉपीचा खण बदलला, प्रोग्राम पुन्हा लिहिला. एक कोरी करकरीत फ्लॉपी खणात घालून ठेवली. "इथली वीज फार उड्या मारते. काम नसेल तेव्हा प्लग काढूनच ठेवत जा," असं बजावून ते गेले. नीलाने प्लग काढला आणि मशीनवर आत्याचं जुनं लुगडं पांघरलं. कॉम्प्युटरकडे बघवत नव्हतं तिला.

त्यानंतरचा रविवार. भर दुपारचे बारा. गोमाजी खाडीवर, सुमती शिवायला टाकलेले कपडे आणायला गेलेली. बाहेर गल्लीत चिटपाखरू नाही. नीला स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती, तेव्हा तिला वास आला.

मशेरीचा वास. तव्यावर तंबाखू भाजताना येतो तो, नाकाला झोंबणारा. घरात आत्याशिवाय मशेरी लावणारं कोणी नव्हतं. शेजारून येत असेल, म्हणून नीला सूप तसंच धरून बसली. वास वाढला. आणि मग पुढच्या खोलीतून आवाज आला.

घर्र… टक. टक-टक. घर्र… टक.

नीलाच्या अंगावर सर्रकन काटा आला. प्लग मी काढलाय… काढलाय ना? भिंत धरून ती दारापर्यंत गेली. प्लग जमिनीवर पडलेला होता, वायरीची वेटोळी तिने स्वतः घातली तशीच. पडदा काळा. पण लुगड्याच्या आत, फ्लॉपीच्या खणाशी, एक बारीक हिरवा दिवा लागला होता. आवाज चालूच होता. घर्र… टक. टक-टक. तो ताल तिच्या ओळखीचा होता. हळदीचा धवला याच तालात म्हणतात.

"आत्ये…" तिच्या तोंडून फुटलं. "आत्ये… तू हायस?"

टक.

"माजं चुकलं गो… मी कुंकू…"

टक-टक. घर्र.

पळून जावं असं तिच्या पायांना वाटत होतं, पण ती गेली नाही. दारातच बसली, सूप मांडीवर. किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू भीती ओसरली, आणि आत्या शेजारी बसून सांगतेय तशी ती ऐकत राहिली. मग दिवा मालवला. वासही गेला.

सोमवारी तिने ती फ्लॉपी ऑफिसात नेली. पोपटरावांनी ती मशीनमध्ये घातली, यादी पडद्यावर आणली, आणि चष्मा काढून पुसला.

"ताई, कोरी दिली होती ना मी?"

एकाखाली एक, धवला एक ते धवला त्रेसष्ट. उघडून बघितले, अक्षर न् अक्षर जागेवर. नीलाच्या टाइपिंगच्या चुकासुद्धा तशाच. सगळ्यांपुढे तारीख रविवारची आणि वेळ दुपारी बारानंतरची. त्यांच्याखाली आणखी एक नाव होतं, धवला चौसष्ट. त्याच्यापुढे आकार शून्य. म्हणजे नाव आहे, आत काही नाही. पोपटरावांनी कोणालाही काही न विचारता फ्लॉपीच्या तीन प्रती काढल्या. "तिसरी दुसऱ्या घरात," ते दटावून म्हणाले, आणि नीला हसता हसता रडायला लागली. मूळ फ्लॉपी तिने घरी नेऊन पुन्हा खणात घातली; प्लग मात्र काढलेलाच ठेवला.

लग्न झालं. काय सांगू, मांडव कसा घुमला! गल्लीतल्या बायका कागद हातात धरून आत्याचे धवले म्हणत होत्या, म्हाताऱ्या कागदाशिवाय सूर धरत होत्या. त्रेसष्ट संपले. संध्याकाळी चारला सुमती निघाली, उजवा पाय उचलून उंबऱ्यापाशी थांबली. नीलाने तिच्या ओटीत नारळ घातला, आणि नारळाशेजारी प्लास्टिकच्या डबीत एक फ्लॉपी. "डोंबिवलीत कपाटात ठेव. आणि कुंकू लावू नको हां," ती कानात म्हणाली.

मग सगळं शांत झालं. सगळ्या बायका नीलाकडे बघत होत्या, कारण या जागेचा धवला कोणाच्याच कागदावर नव्हता. सुमतीही बघत होती. डोळे भरलेले, पाऊल हवेत. नीलाने शब्द दिला होता. आता काय करायचं?

आणि मागून, आतल्या बाजूने, लुगड्याखालून आवाज आला. घर्र… टक. टक-टक. घर्र… टक. मांडवातलं दुसरं कोणी वळून बघेना. नीलाने तोंड उघडलं.

"एक पाय घरान, एक पाय दारान,
माजी लेक उबी गो दोनी वाऱ्यान…"

फाटका आवाज तिचाच होता. शब्द तिने जन्मात ऐकले नव्हते. पण ओळीमागून ओळ येत गेली, एकही अडली नाही. दुसऱ्या कडव्याला म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावला. गोमाजी खांबाला धरून उभे होते, ते हळूच म्हणाले, "बायचा धवला…" शेवटच्या ओळीवर सुमतीने पाऊल बाहेर टाकलं. रडत होती, पण हसतही होती.

सगळे पांगल्यावर नीलाने पुढच्या खोलीत येऊन आधी प्लग बघितला. जमिनीवरच होता. तिने तो लावला, मशीन चालू केलं, यादी काढली. चौसष्टाव्यापुढचं शून्य गेलं होतं. तारीख आजची, वेळ चार वाजून सात मिनिटं. तिने तो उघडला. सगळा धवला तिथे होता, मघाशी तिच्या तोंडून आला तसाच, कडव्यामागून कडवं. अगदी तळाशी, थोडी जागा सोडून, एक ओळ जास्त होती.

"झाला. आता पानी दे."

नीलाला भीती वाटली नाही. डोळे पुसून ती उठली, फळीवरचा आत्याचा तांब्याचा पेला घासला, काठोकाठ भरला आणि मशीनशेजारी ठेवला. तेवढ्यात गोमाजींनी मांडवातून हाक मारली, म्हणून बाहेर गेली. पाहुण्यांची भांडी कुणाकडे द्यायची ते सांगून लगेच परत आली.

पेला अर्धा झाला होता. काठावर मशेरीचा काळा ओठ उमटला होता.

"सावकाश पी गो," नीला म्हणाली, आणि तिने पेला पुन्हा भरला.