खुंटाची ओळख

परिचय-उपचार कक्षातल्या खुर्चीत बसलेल्या केतकीने सकाळपासून चारशे अकरा वेळा मान झटकली होती. हा आकडा हेमांगीचा नव्हता. तिने मोजणं केव्हाच सोडलं होतं. केतकीच्या मनगटावरची झटकामापक पट्टी ते काम करत होती आणि समोरच्या भिंतीवर मोठ्या हिरव्या आकड्यांत दाखवतही होती. असला पडदा आईबापांसमोर लावायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला स्वतःचं मूलबाळ नसावं, असं हेमांगीचं मत होतं.

"आई, तू तीच आहेस ना?" केतकीने विचारलं.

"तीच."

"तीच आहेस ना?"

"तीच."

हे सात वेळा व्हायला लागायचं. प्रत्येक वेळी केतकीच्या डोळ्यांत बघून, एकाच आवाजात. मध्ये सूर हलला की पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या खेपेला हेमांगीला जांभई आली आणि मोजणी परत एकवर गेली. केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिलाही हे नको होतं, पण विचारल्याशिवाय तिच्या छातीतली धडधड थांबत नव्हती.

दहा महिन्यांपूर्वी आठ वर्षांच्या या मुलीचा नुसता घसा धरला होता. दोन दिवस ताप, पाच दिवस औषध, संपलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती डोळे मिचकावत उठली, घशातून कोंबड्यासारखा आवाज काढू लागली आणि आईला नजरेआड होऊ देईना. मोत्यासारखं अक्षर महिन्याभरात ओळखू येईनासं झालं. एका डॉक्टरांनी मोबाइल काढून घ्या म्हटलं, दुसऱ्यांनी लाड कमी करा म्हटलं. तिसऱ्यांनी नाव सांगितलं, पँडास. नाव गोंडस, दुखणं द्वाड. जंतुनाशकं झाली, स्टेरॉइड झाली, शिरेतून प्रतिपिंडं देऊन झाली. जरा उतार पडायचा, मग वर्गात कुणाचा तरी घसा बसायचा आणि सगळं मूळपदावर. आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो म्हणतात. इथे मुंगी रोज चार पावलं मागे चालत होती.

म्हणून ते सांगलीहून मिरजेच्या या संस्थेत आले होते. उपचार नवा होता. डॉ. रुक्साना मुजावर यांनी तो पहिल्याच भेटीत नीट समजावला होता, कारण हेमांगी द्राक्ष संशोधन केंद्रात कलमांचं काम बघते हे त्यांना कळलं होतं.

"खुंटावर कलम भरता तुम्ही. सगळी धरतात का?" त्यांनी विचारलं होतं.

"खालचा खुंट आणि वरची काडी जुळली तर धरतात. नाहीतर सांध्यातच काळी पडतात."

"माणसाचंही तसंच आहे. शरीर आधी विचारतं, आपला का परका. हे ते आईच्या पोटात असताना शिकतं. त्या दिवसांत आईच्या थोड्या पेशी वारेतून बाळात उतरतात आणि जन्मभर राहतात. लाखात एखादी. बाळाचं शरीर त्यांना आपल्यात धरतं. आम्ही त्यांना मायपेशी म्हणतो."

"आणि केतकीचं काय चुकतंय?"

"तिच्या मेंदूत खोलवर एक प्रथिन आहे, आणि घशातल्या त्या जंतूचा चेहरा नेमका तसा आहे. तिचं शरीर जंतू समजून मेंदूलाच मारतंय. आम्ही तुमच्या पेशी घेणार, त्यांच्या अंगावर ते प्रथिन चिकटवणार आणि तिच्या रक्तात सोडणार. ओळखीच्या माणसाबरोबर आलेल्या पाहुण्याला कोणी दारात अडवत नाही. चार-पाच खेपा झाल्या की पाहुणाही घरचा होतो."

"पेशी ओळखीच्या निघाल्या नाहीत तर?"

डॉक्टर हसल्या होत्या. "आईच्या पेशी मुलीला कशा अनोळखी निघतील? तरी आपण जनुकं जुळवून बघू."

जनुकं जुळली. अर्धी हेमांगीची, अर्धी तिच्या नवऱ्याची, श्रीरंगची. मग अर्ज भरायचा होता. त्यात प्रसूतीचा रकाना होता. हेमांगीने नेहमीसारखं न थांबता लिहिलं, 'मुदतीत, नैसर्गिक.' पहिल्या दोन मात्रांनंतर त्रास वाढेल, तिसरीनंतर उतरेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आज तिसरी होती.

उतरलं नाही. पंधरा दिवसांत चारशेचे नऊशे झाले. मानेबरोबर आता खांदाही उडायला लागला. केतकी दुसऱ्याने हात लावलेलं अन्न खाईना, वहीत लिहिलेली ओळ कागद फाटेपर्यंत खोडू लागली. न्हाणीघराचं दार लावू देत नव्हती. हेमांगी दारात पाय अडकवून बाहेर पाटावर बसायची आणि आतून प्रश्न यायचा, "तू तीच आहेस ना?" श्रीरंगने नोकरीतली वेळ बदलून घेतली होती. नवराबायको एकमेकांना दारात भेटत, आकडा सांगत आणि आपापल्या कामाला लागत.

एका दुपारी हेमांगीला केतकीचा राग आला. एकोणिसाव्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, "नाहीये मी ती. बस?" केतकी किंचाळली नाही की रडली नाही. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि तिचं सगळं अंग हलायला लागलं. पुढचे दोन तास हेमांगी तिला पोटाशी धरून बसली होती. त्या दोन तासांत तिने स्वतःला जे म्हणून घेतलं, ते ती पुढे श्रीरंगलाही सांगू शकली नाही.

चौथ्या मात्रेच्या आदल्या दिवशी डॉ. मुजावरांनी दोघांना बोलावलं. केतकी काचेपलीकडे, आई दिसेल अशी, माशांच्या टाकीपाशी बसली. डॉक्टरांचा चेहरा उतरलेला होता.

"उद्याची मात्रा मी थांबवली आहे," त्या म्हणाल्या. "केतकीचं शरीर तुमच्या पेशी मारतंय. आपलं म्हणून घ्यायचं तर सोडाच. परक्या माणसाच्या हातात आपल्या घरची किल्ली दिसली की आपण किल्लीवरही संशय घेतो. त्या पेशींवर मेंदूचं प्रथिन होतं, त्यामुळे प्रथिनावरचा राग दुप्पट झाला. आणखी एक मात्रा दिली असती तर झालेलं नुकसान परत फिरवता आलं नसतं."

"पण जनुकं जुळली होती," श्रीरंग म्हणाला.

"म्हणूनच मी चक्रावले. मग केतकीच्या रक्तातल्या मायपेशी वेगळ्या काढल्या. आठ दिवस लागले. सापडल्या, लाखात एक. पण त्या हेमांगीताईंच्या नाहीत. तिसऱ्याच बाईच्या आहेत. श्रीरंगरावांच्या जवळच्या नात्यातल्या."

श्रीरंगने बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"त्याच्या बहिणीच्या," हेमांगी म्हणाली. "वैजयंतीताईंच्या. केतकी माझ्या बीजाची आहे, पण त्यांच्या पोटात वाढली. गाठींमुळे माझं गर्भाशय काढलं होतं."

"अर्जात तुम्ही लिहिलंत..."

"मी सगळीकडे तेच लिहिते."

खरं म्हणजे ती ते इतकी वर्षं लिहीत आणि सांगत आली होती की खोटं आहे हेच विसरून गेली होती. लोकांनी बोलू नये म्हणून पोटाला उशी बांधून तिने डोहाळजेवण करून घेतलं होतं. हिरवी साडी, फुलांची वाडी, चंद्रकोरीचा झोपाळा, ओटी, सगळं साग्रसंगीत. त्याच दिवशी वैजयंती बेळगावात भाड्याच्या खोलीत पाय सुजवून बसली होती. फोटो अजून दिवाणखान्यात होता. पाहुण्यांना दाखवता दाखवता हेमांगीला त्या उशीचं वजनसुद्धा बाळाचं वाटायला लागलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ तिने डॉक्टरसमोरही उघडली नव्हती.

"कलमं भरते मी," ती म्हणाली. "काडी कुठलीही असो, आधी खुंट विचारते. शेतकऱ्यांना ओरडते, खुंट कुठला ते लिहून ठेवा म्हणून. आणि माझ्याच पोरीचा खुंट मी खोडून टाकला."

डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "चूक आमचीही आहे. आम्ही जनुकं विचारली, पोट विचारलं नाही. त्या बाई येतील का?"

हे खरंच अवघड होतं. बाळ दोन महिन्यांचं असताना ते हेमांगीच्या हातात रडायचं आणि वैजयंतीने घेतलं की गप्प व्हायचं. बाळं असं करतात, त्यात विशेष काही नसतं. पण हेमांगीला ते सोसलं नाही. केतकीचा दुसरा वाढदिवस झाल्यावर तिने नणंदेला एवढंच सांगितलं, की आता येणंजाणं कमी करा. वैजयंतीने ते बंदच केलं. तेव्हापासून सहा वर्षं ती भावाच्या घराची पायरी चढली नव्हती.

तासगावच्या बेदाणा शेडमध्ये वैजयंती निवडणीच्या पट्ट्याशी उभी होती. काळे बेदाणे वेचून बाजूला टाकत होती. हेमांगी एकटीच आली होती. घरी श्रीरंगजवळ केतकी कशी असेल या धास्तीने तिचा हात सारखा फोनकडे जात होता.

"काय गं, वाट चुकलीस?" वैजयंतीने मान वर न करता विचारलं.

"चुकलेच होते, ताई."

मग तिने सगळं सांगितलं. घशापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत, आणि तिसऱ्या बाईच्या पेशींपर्यंत. वैजयंतीचे हात चालूच होते. थोड्या वेळाने ते थांबले.

"म्हंजे मी अजून तिच्यात हाय म्हणतीस?"

"लाखात एक."

"सहा वर्षं मला वाटत हुतं, माझं तिथं काय बी उरलं न्हाई." वैजयंतीने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. "तू लई वाईट वागलीस, हेमांगी. मी इसरणार न्हाई. पण पोरीनं काय केलंय? किती वाजता यायचं ते सांग."

वैजयंतीच्या पेशींवर तेच प्रथिन चिकटवून पहिली मात्रा दिली. या वेळी त्रास वाढलाच नाही. दुसरीनंतर नऊशेचे सहाशे झाले, तिसरीनंतर अडीचशे. केतकीने आत्याच्या हातचं थालीपीठ खाल्लं, दुसऱ्याने हात लावलेलं, न तपासता. अक्षराला वळण आलं. सातचा प्रश्न तीनवर आला. हेमांगी एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या झोपली आणि कुणी उठवलं नाही, याचंच तिला जागी झाल्यावर नवल वाटलं.

पण एकशे चाळीसवर आकडा अडला. चौथी मात्रा झाली, पाचवी झाली, तो हलेना. डॉ. मुजावरांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं.

"कारण सापडलंय," त्या म्हणाल्या आणि बोलताना हेमांगीकडे बघायचं टाळत होत्या. "आपण आधी तीन वेळा तुमच्या पेशी दिल्या. तिच्या शरीराने तुम्हाला शत्रू म्हणून लक्षात ठेवलंय. तुमची अर्धी जनुकं तिच्यात आहेत, तेवढ्या तुम्ही तिच्या ओळखीच्या. उरलेल्या अर्ध्या तुम्ही परक्या. आणि तुम्हाला आणि त्या प्रथिनाला तिने एकत्र पाहिलं होतं. तो राग धुमसतोय तोवर प्रथिनालाही झळ लागत राहणार."

हेमांगीला हसू आलं, आणि मग रडू. आठ वर्षं जे होऊ नये म्हणून तिने उशी बांधली, फोटो लावला, नणंद तोडली, ते तिच्याच पेशींनी करून दाखवलं होतं. पोरीच्या रक्तात आता तिच्याविरुद्ध साक्ष होती.

"मी लांब राहू का?" तिने विचारलं.

"शेजारी बसल्याने काही होत नाही. उलट उपाय दुसरा आहे. तुमची रीतसर ओळख करून द्यायची. तुमच्या त्या परक्या अर्ध्या भागाची खूण वैजयंतीबाईंच्या पेशींवर चिकटवायची. त्यांच्याबरोबर आलेल्या पाहुण्याला केतकीचं शरीर आत घेतं, हे आता सिद्ध झालंय. त्यांची तयारी हवी फक्त."

सगळ्यांनी वैजयंतीकडे पाहिलं. तिने आधीच बाही वर केली होती.

"केतकीला तुझ्याकडं मीच पोचवली," ती हेमांगीला म्हणाली. "आता तुला केतकीकडं पोचवते. नऊ महिनं लावू नगा म्हंजे झालं."

पुढच्या सोमवारी केतकी पुन्हा त्या खुर्चीत बसली. एका बाजूला पदरात बेदाणे घेऊन आत्या, एका बाजूला आई. नळीतून थेंब उतरायला लागले. भिंतीवरचा पडदा वैजयंतीने आल्या आल्या भांडून बंद करायला लावला होता.

"आई, तू तीच आहेस ना?" केतकीने विचारलं.

हेमांगीच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं.

"होत चाललेय," ती म्हणाली.

श्रीरंग दारात श्वास रोखून उभा राहिला, कारण उत्तर चुकलं होतं. केतकीने आईच्या डोळ्यांत बघितलं. एकदा मान झटकली, जरा विचार केला आणि बेदाण्यांसाठी आत्यापुढे हात पसरला.