लकड्या देवाची काठी

उखर्डू आबाला वाटेत बसणं म्हणजे पाप वाटायचं. 'बसला तो फसला' हे त्याचं ठरलेलं पालुपद. बैल दमला तर तो समजून घेई, माणूस दमला तर डोळे वटारी. पण त्या चैत्रात त्याच्या स्वतःच्याच पायांत त्राण उरलं नव्हतं, आणि चालल्यावाचून तर सुटका नव्हती.

मानमोडीच्या तापाची साथ येऊन गेली त्याला अडीच वर्षं झाली होती. साथीत बायको भागाबाई गेली. मागं राहिली एकुलती एक लेक, ताईबाई. ती बाळंतपणाला माहेरी आली, पोर सुखरूप झालं, आणि बाराव्या दिवशी तिला तापानं धरलं. चोपड्याच्या डॉक्टरांचं औषध झालं, अंगारे झाले. ताप काही हटेना. सहा दिवस आबाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. सातव्या दिवशी बाळंतपण करणारी म्हातारी भिकुबाई त्याला ओसरीत घेऊन गेली.

"वरल्या पाडावरनी मुळी लई ये, आबा," ती हळूच म्हणाली. "पन आजनी आजच पाजनी पडी. शिळी व्हयनी ते उपेग नही."

जावई दूर, भाऊबंद गव्हाच्या खळ्यावर. वाट ठाऊक असलेला तोच. तांबडं फुटायच्या आत आबानं पागोटं बांधलं आणि सातपुड्याची वाट धरली.

उन्हं वर येईतो डोंगर बरा वाटला. पळस फुलून ओसरत आला होता, मोहाचा गोडसर वास खालच्या ओढ्यापर्यंत येत होता. पण पहिली टेकडी ओलांडली आणि पुढं सगळं काळं. फाल्गुनात वणवा लागून डोंगराची अख्खी सोंड जळून गेली होती. पाय टाकला की राख उडे. एक पाखरू बोलत नव्हतं. घोटभर पाणी पिऊन आबा मुकाट्यानं चढत राहिला.

खिंडीत लकड्या देव. देव कसला, वाटेच्या वळणावर लाकडांचा मोठा ढीग. चढून येणारानं हातातली काठी किंवा वाटेतली काटकी त्यावर ठेवायची आणि म्हणायचं, लाकूड ले, थाकवा ले. थकवा तिथंच राहतो, माणूस हलका होऊन पुढं जातो. आणि हेही लहानथोरांना ठाऊक, की देवावर ठेवायचं, देवावरचं उचलायचं नाही. ज्याचं लाकूड उचललं, त्याचा थकवा आपल्या मानगुटीवर.

चहूकडं डोंगर जळाला होता, पण ढिगाला झळसुद्धा लागली नव्हती. वणवा जसा काही वळसा घालून गेला होता. आबानं एक अर्धी जळकी काटकी ठेवली आणि मान खाली घालून पुढं निघाला. त्या ढिगाकडं बघायची त्याची छाती नव्हती.

कारण मानमोडीत गाव सोडून लोक वर पळाले, तेव्हा भागाबाई इथंच बसली होती. अंगात ताप, गळ्यात ओव्याची पुरचुंडी. तिनं हातातली काठी देवावर ठेवली आणि म्हणाली, "जराशी बसस मी. तुम्ही व्हा पुढे." आबाच्या डोक्यावर गाठोडं होतं, दिवस कलत होता. तो म्हणाला, गाठोडं टाकतो आणि आलोच. परत आला तेव्हा ती ढिगाला टेकून बसलेलीच होती, पण भागाबाई उरली नव्हती. ताई तेव्हा मामाकडं भडगावला. आई वाटेत गेली, एवढंच तिला कळलं. बाईचे ते शेवटचे शब्द आबानं कुणाला सांगितले नाहीत. दमलेल्या बायकोला टाकून पुढं गेलो, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

पाड्यावर पोचायला दुपार झाली. तिथल्या पावरा जमातीच्या एका म्हाताऱ्यानं मुळी खणून ओल्या पानात बांधून दिली. "भाकर खाऊन जा," तो म्हणाला. आबा थांबला नाही.

उतरताना घात झाला. खिंडीच्या वर मुरमावरून पाय घसरला आणि गुडघा पिळवटला. रांगत, खुरडत तो लकड्या देवापाशी आला. आधाराला काठी हवी, पण हाताला येईल ते लाकूड कोळसा. दोन धरली, दोन्ही मोडली. सूर्य तर उतरणीला लागलेला. खाली लेक तापानं फणफणलेली.

"देवा, पोरगीसाठे लई जास," लाकूड परत करायचा शब्द देत आबा पुटपुटला. "परत आनी दिसू..."

आणि त्यानं ढिगातून हाताला लागली ती काठी ओढली. धामणीच्या लाकडाची, गुळगुळीत, मुठीपाशी घासलेली. त्याच्या मापाला जरा आखूडच.

गुडघा सावरला, पण वीस पावलं गेला नाही तोच त्याला झोप यायला लागली. साधी झोप नव्हे. दगड दिसला की वाटे, बसावं. जन्मात ज्याला कधी बसावंसं वाटलं नाही, तो माणूस झाडांचे बुंधे बघत चालला. काठी टेकली की कानाशी कुणीतरी हुश्श करी. काठी उचलली की गप्प. आबानं वळून पाहिलं. काळी उतरण आणि राख. मग त्या राखेच्या वासात ओव्याचा वास आला.

ओढ्यापाशी त्यानं काठी खडकाला टेकवून ठेवली. लंगडत दहा पावलं गेला आणि त्याचा जीव असा कासावीस झाला, की छातीवर हात धरून उभा राहिला. मागं काहीच हलत नव्हतं. तरी कुणालातरी टाकून चाललो, असं वाटून त्याच्या डोळ्याला पाणी आलं. तो परत फिरला आणि काठी घेतली.

"चाल," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दिवस मावळायला हातभर असताना तो अंगणात पोचला. मुळी भिकुबाईच्या हातात पडली, ती सहाणेवर उगाळायला बसली. बापाची चाहूल लागून ताई भिंत धरत धरत दारापर्यंत आली. त्याचा अवतार बघून तिला भडभडून आलं. आबा उंबऱ्याशी वाकून वहाण सोडत होता.

"दे आबा, कोपरामा ठेवस," म्हणत तिनं त्याच्या हातातली काठी घेतली.

"नको धरू ती, ताई..."

उशीर झाला होता. आबाच्या अंगावरचं ओझं एकदम उतरलं, तो ताठ उभा राहिला. आणि ताई हळूहळू, दाराला पाठ घासत, खाली बसली. डोळे अर्धे मिटले. पांढऱ्या पडलेल्या ओठांनी ती म्हणाली,

"जराशी बसस मी. तुम्ही व्हा पुढे."

आबानं तिच्या मुठीतून काठी सोडवून घेतली. बोटं एकेक करून उकलावी लागली. काठी सुटली तशी ताईनं डोळे उघडले आणि विचारलं, "काय व्हयनं, आबा?"

सहाणेवरची मुळी लेकीच्या पोटात जाईपर्यंत काठी धरून आबा अंगणात उभा राहिला. मग पाण्याचा घोट न घेता, सोडलेली वहाण पुन्हा पायात अडकवून, आल्या वाटेनं डोंगराकडं निघाला.

ताईचा ताप त्या रात्रीत उतरला. पुढं तिला नातवंडं झाली. आबा तिसऱ्या दिवशी परत आला, काठीवाचून. डोंगरात काय झालं ते त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून तो वाटेत बसायला लागला. निवांत बसे आणि शेजारी जागा सोडी.

पण गावाच्या शिवेवर झुलाल नावाच्या शेतकऱ्याची मोट चालू होती. त्या संध्याकाळी आबाला डोंगराकडं जाताना त्यानंच पाहिलं. आबा सावकाश चालला होता, दर वीस पावलांवर थांबत होता. झुलालनं बैल उभे करून, कुठं चाललं ते विचारायला हाक मारली होती, आणि आपण असं का विचारलं, हे त्याला पुढं कधी सांगता आलं नाही.

"आबा, आते सांजले दोन्ही जन कथा चालनात?"