चार टाचण्यांची आठ भोकं

गॅसवर ठेवलेलं पातेलं कुणीतरी खाली उतरवलंय, हे तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकायच्या आधीच कळलं. उकळीचा आवाजच येत नव्हता.

आत ओट्याशी एक अनोळखी माणूस उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांच्या पेरांत काळं ग्रीस मुरलेलं आणि हातात तिचा डाव. तिचा, म्हणजे दांड्याला लाल दोरा बांधलेला.

"लागत होतं," तो म्हणाला.

"लागत नव्हतं. अजून चार मिनिटं होती."

त्यानं पातेल्यात वाकून पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि अगदी शहाण्यासारखं पातेलं पुन्हा गॅसवर ठेवून दिलं. चार मिनिटं दोघंही तिथंच उभी राहिली. पाचव्या मिनिटाला तिनं गॅस बंद केला. सूप तळाला लागलेलं होतं. तिनं ते त्याला सांगितलं नाही. वासावरून त्याला कळलंच होतं, पण तोही काही बोलला नाही... आणि हे मात्र तिच्या लक्षात राहिलं.

तो वरच्या खोलीतला नवा भाडेकरू होता. लिफ्ट दुरुस्त करायचा. घरमालकीण काकूंना डॉक्टरांनी ओट्याशी उभं राहायला बंदी केली होती, त्यामुळे त्यांचं स्वयंपाकघर दोन्ही भाडेकरू वापरत आणि काकू खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दोघांच्याही फोडण्यांवर देखरेख करत. एक कपाट हिचं, एक त्याचं. मीठ मात्र हिच्याच कपाटातलं वापरायचं, असा काकूंनी हिला न विचारताच हुकूम काढला.

ती स्वतः बससेवेच्या कचेरीत वेळापत्रकं बनवायची. कुठली बस कुठून किती वाजता सुटेल, कुठं किती थांबेल, पुढची गाडी कशी गाठेल, हे सगळं तिच्या टेबलावर ठरायचं. ड्रायव्हर तिला मागून 'मिनिटबाई' म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. दिवसभर उशिराच्या सबबी ऐकून ऐकून ती मुलखाची संशयी झाली होती. कुणी वेळेवर आलं तरी तिला वाटायचं, यात काहीतरी गोम आहे.

खरं तर संशयाची ही सवय नोकरीतून लागलेली नव्हती. चार वर्षांपूर्वी ती सहलीला निघण्यासाठी दोन बॅगा घेऊन बसस्टँडवर उभी होती आणि जो लग्नाचा शब्द देऊन बसला होता, त्याचा फोन आला की थोडा उशीर होतोय. तो उशीर अजून संपलेला नाही. पुढे कळलं की त्याचं दुसरीकडे सगळं वेळेवर चाललं होतं.

त्या सहलीचा आराखडा मात्र तिनं फाडला नाही. स्वयंपाकघरातल्या स्वतःच्या कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूनं, चार कोपऱ्यांत चार टाचण्या मारून तो लावला होता. पाच दिवस, चार टप्पे. सकाळच्या बसनं जंक्शन, तिथून रेल्वेनं नदीकाठचं गाव, मग बोटीनं पलीकडचा धक्का आणि शेवटी दिवसातून एकदाच सुटणाऱ्या बसनं जमिनीच्या टोकावरचं दीपगृह. दरवर्षी ती वर नवी तारीख लिहायची आणि दरवर्षी खोडायची. एकटीनं जायचं तर कुठंतरी गाडी चुकेल, आणि चुकलेल्या गाडीच्या स्टँडवर पुन्हा तसंच उभं राहावं लागेल... त्यापेक्षा घर बरं. यंदा साहेबांनी मात्र बजावलं होतं की साठलेली रजा या महिन्याअखेर घेतली नाही तर बुडेल, आणि फॉर्म एका ठरावीक सोमवारी टेबलावर हवा. नंतर चालणार नाही.

लिफ्टवाल्याशी सुरुवातीला फक्त ओट्यापुरतं बोलणं होतं. मग ते ओट्याबाहेर सांडायला लागलं. तिच्या भाताला शिट्ट्या किती द्यायच्या यावर त्याचं मत असायचं आणि त्याच्या कांदा चिरण्यावर तिचं. तो कांदा असा चिरायचा की प्रत्येक फोड दुसरीच्या मापाची. यंत्रावर काम करणाऱ्याचा हात असाच असायचा, असं तो म्हणे. एकदा डोळ्यांत कांद्याचं पाणी आलं म्हणून तिनं मान वळवली, तर यानं खिडकी उघडली आणि काकूंनी खुर्चीतून अशा काही नजरेनं दोघांकडे पाहिलं की तिला दुसऱ्याच कारणानं मान वळवावी लागली.

आणि मग रविवार सुरू झाले.

दर रविवारी पहाटे तो मोठी बॅग घेऊन बाहेर पडायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. दमलेला, चेहरा पडलेला. कुठं गेला होता विचारलं तर "जरा बाहेर" एवढंच. काकूंचा कयास तयार होता. जाताना बॅग जड, येताना तितकीच जड. म्हणजे आत कपडे आहेत. मळलेले नेतो आणि धुतलेले आणतो. आणि रविवारी माणसाचे कपडे कोण धुऊन देतं? बायको. दुसऱ्या गावी याचा संसार आहे, असं सांगून काकू मोकळ्या झाल्या.

ती म्हणाली, असेना का, आपल्याला काय करायचंय. आणि त्या रात्री भातात मीठ दोनदा पडलं.

तिसऱ्या रविवारनंतर तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ रेल्वेचं तिकीट पडलेलं सापडलं. तिकीट वाचणं हा तिचा धंदाच. ते जंक्शनहून नदीकाठच्या गावाचं होतं. योगायोग असेल, म्हणून तिनं ते केराच्या डब्यात टाकलं. पाचव्या रविवारी त्याच्या बुटांना ओली वाळू होती आणि अंगाला बोटीच्या डिझेलचा वास. आता मात्र मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. तिनं कपाटाचं दार उघडलं आणि आराखड्याजवळ नाक नेऊन पाहिलं.

कागदाच्या कोपऱ्यांत चार टाचण्या होत्या. भोकं आठ होती.

कुणीतरी कागद काढला होता आणि परत लावला होता. अगदी काळजीपूर्वक, सरळ रेषेत, पण जुनी भोकं चुकवून. मीठ घेण्याच्या निमित्तानं दार उघडणारं या घरात दुसरं कोण होतं?

म्हणजे हा माझ्या सहलीवर जातोय. ती ओट्याला टेकून उभी राहिली. एकेक टप्पा करत, कुणाला तरी घेऊन. मी कागदावर बसवलेली खिडकीजवळची जागा, मी बोटीसाठी राखून ठेवलेली दहा मिनिटं, सगळं दुसरीच कुणीतरी वापरतेय. तो धुलाईचा संसार परवडला असता. निदान तो त्याचा स्वतःचा तरी होता.

त्यानंतर तिनं त्याच्याशी बोलणं मोजून-मापून केलं. तो काही विचारायला आला की ती पातेलं घासायला घ्यायची. एकदा त्यानं विचारलं, प्रवासात तिला बस लागते का. तिनं उत्तर दिलं की ती प्रवास करतच नाही. तो "हं" म्हणाला आणि आणखी काही विचारेल असं वाटत असतानाच वर निघून गेला. दुसऱ्या एखाद्या बाईसाठी माझ्याकडून माहिती काढतोय, असं तिनं पक्कं ठरवून टाकलं. काकूंनासुद्धा आता तिचं हे गप्प राहणं सोसवेना. त्या म्हणाल्या, विचारून तरी टाक बाई, नाहीतर माझ्या घरातलं सगळं अन्न खारट होईल.

सातव्या रविवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात त्याची वाट पाहत बसली. टेबलावर तिनं रजेचा फॉर्म ठेवला होता, कोरा. उद्याच तो सोमवार. काकू लेकीकडे गेल्या होत्या. जाताना त्यांनी मुद्दाम सांगितलं होतं की त्या जेवूनच येतील.

तो आला आणि त्यानं बॅग खाली ठेवली. फरशीवर लोखंडाचा आवाज झाला.

तिनं बॅगेकडे पाहिलं. कपड्यांचा असा आवाज होत नाही.

"कुणाला नेताय?" तिनं विचारलं.

"कुठं?"

"माझ्या सहलीला. कपाटातून कागद काढून नक्कल केलीत, ते कळलंय मला. फक्त कुणाला नेताय तेवढं सांगा, म्हणजे मी तो कागद तिलाच देऊन टाकते. मला आता तो नकोय."

खाली बसून त्यानं बॅगेची चेन उघडली. आत एकावर एक रचलेली लोखंडी वजनं होती, पाच-पाच किलोची, आणि एक तेलकट वही.

"दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये आधी आम्ही बसतो," तो म्हणाला. "बाकीच्या माणसांच्या ऐवजी वजनं ठेवून. सगळे मजले वर-खाली करतो. मग लोकांना बसू देतो. ही दोन बॅगांची वजनं आहेत. दोन माणसं सामान घेऊन जंक्शनचा पूल किती मिनिटांत चढतील... ते बघायचं होतं."

"माझी सहल नादुरुस्त होती?"

"तसं नाही. पण तुम्ही चार वर्षं तिच्यात बसला नाहीत. वरच्या तारखा पाहिल्या मी, खोडलेल्या. मीठ काढताना दिसल्या." तो वहीच्या कडेशी चाळा करत राहिला. "मला वाटलं, आपण आधी जाऊन यावं. सगळं नीट आहे असं सांगता आलं, तर कदाचित तुम्ही..."

"मग सांगितलं का नाहीत?"

त्यानं बॅगेची चेन अर्धी लावली, परत उघडली. तिला पुन्हा बायको दिसायला लागली.

"कारण ते नीट नाहीये," तो शेवटी म्हणाला. "चुकतंय. तुमच्या कागदाप्रमाणे जंक्शनला गाडी मिळत नाही. सात वेळा गेलो, सातही वेळा चुकली, पुढच्या गाडीनं जावं लागलं. बोट आठ पन्नासला लिहिलीय, ती नऊ वीसला सुटते. हे तुम्हाला कसं सांगू, तेच कळत नव्हतं. एकदा कळलं असतं तर तुम्ही आणखी चार वर्षं निघाला नसतात."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बायको, संसार, दुसरी कुणीतरी, हे सगळं एका क्षणात मागं पडलं.

"माझा आराखडा," ती म्हणाली, "चुकतोय?"

"वही बघा ना."

तिनं वही ओढून घेतली. पानापानावर त्याच्या वाकड्या अक्षरांत नोंदी होत्या. पुलाच्या पायऱ्या अठ्ठ्याऐंशी. सावलीतला बाक दुसऱ्या फलाटावर, पण त्याची एक फळी सैल, आवळून घेतली. धक्क्यावरच्या दुकानात सूप मिळतं, पातळ. बोटीत डाव्या बाजूला पाणी उडतं, त्यांना उजवीकडे बसवायचं. तिची बोटं 'त्यांना' या शब्दावर थोडी रेंगाळली आणि मग तारखांवर आली. एक, दोन, तीन... सातही तारखा तिनं मनातल्या मनात पडताळल्या.

"हे सगळं रविवारचं आहे," ती म्हणाली.

"हो. मला सुट्टी रविवारीच असते."

"माझी सहल मंगळवारी निघते."

"मग?"

"अहो, रविवारी वेळापत्रक वेगळं असतं. जंक्शनची सकाळची गाडी रविवारी नसते. बोट अर्धा तास उशिरा असते. प्रत्येक पाटीवर खाली लिहिलेलं असतं, लाल अक्षरांत. ती ओळ लिहिणाऱ्या बायकांचं अख्खं आयुष्य त्यात जातं आणि ती कुणीही वाचत नाही."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, वजनांकडे पाहिलं. सात रविवार, वीस किलो लोखंड, अठ्ठ्याऐंशी पायऱ्या. त्याचा चेहरा हळूहळू असा झाला की जणू पाचव्या मजल्यावर दार उघडलंय आणि समोर मजलाच नाही.

"म्हणजे मी एवढ्या वेळा जे तपासलं..."

"ते कुठल्याच सहलीच्या उपयोगाचं नाही."

आणि तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग आवाज करत, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि या वेळी कांदाही नव्हता. लबाड माणसं तिनं पाहिली होती. ती वेळ पाळतात, त्यांचं सगळं जुळतं, एकही टाचणी इकडची तिकडे होत नाही. इतकी भाबडी चूक, तीही सात रविवार न थकता, एखाद्या लबाडाला जन्मात जमली नसती. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तिला संशय घ्यायला जागा सापडेना.

तिचं हसू ओसरलं तेव्हा तो तिच्याकडेच पाहत होता, चेहरा अजून पडलेलाच. पण कान लाल झाले होते.

"दीपगृहाचा टप्पा राहिलाय," तो म्हणाला. "रविवारी जाऊन रविवारी परत येता येत नाही. तो मी पाहिलेला नाही."

"माहितीये. वहीत नाहीये."

"तो तपासल्याशिवाय मी तुम्हाला जा म्हणणार नाही. आणि एकट्यानं तपासायला..." तो थांबला. "एकट्यानं आता नको वाटतं."

तिनं फॉर्म पुढं ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि निघण्याच्या तारखेपुढं येत्या मंगळवारची तारीख लिहिली.

"तुझ्या साहेबांकडे सुट्टी मागशील?" तिनं मान वर न करता विचारलं. 'तुझ्या' म्हणताना पेन जरासं अडखळलं.

"मागितलीय." मग तोही हळूच म्हणाला, "तू अशी माझ्याशी बोलेनाशी झालीस, त्याच्या आदल्या दिवशीच."

तिनं लिहिलेल्या तारखेवरून पेन पुन्हा एकदा फिरवलं. त्यानंच पुढं विचारलं, "त्या टोकाला जाणारी बस दिवसातून एकच ना? ती चुकली तर?"

हा प्रश्न चार वर्षं रोज तिनंच स्वतःला विचारला होता.

"चुकली तर धक्क्यावर सूप पिऊ," ती म्हणाली. "पातळ असलं तरी. आणि दुसऱ्या दिवशी जाऊ."

फॉर्मवर शेवटचा रकाना होता, एकूण दिवस. आराखड्यात पाच होते. तिनं सहा लिहिले आणि फॉर्म त्याच्याकडे सरकवला, बघायला.