एक रेकॉर्डिंग जास्त

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण मुरबाडजवळच्या एका गावात, गेल्या मार्गशीर्षात, भर दुपारी हे खरंच घडलं.

जिच्या बाबतीत घडलं, ती मिताली पुराव्याशिवाय बोलणारी पोर नाही. तिचं शिक्षणच त्याचं आहे. युनिव्हर्सिटीत ती डिजिटल फॉरेन्सिक शिकते. मोबाईलमधलं लपलेलं, पुसलेलं शोधून काढायचं आणि खरं काय घडलं ते सांगायचं.

तिचा धाकटा भाऊ प्रणय बाईकवरून पडला आणि जागीच गेला.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवला नाही.

कावळे होते. करंजावर बसून बघत होते... एकही खाली उतरेना.

वडील हात जोडून म्हणाले, "ताईचं शिक्षण पुरं करीन रे."

मिताली म्हणाली, "आयची काळजी मी घेईन."

काही उपयोग झाला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ निभावली.

तेव्हापासून आईने, चंद्रकलाबाईंनी, एकच धोशा लावला. "काय राह्यलं गो त्याचं? तुला तेच शिकवतात ना? उघड त्याचा मोबाईल."

मितालीने सगळं नियमाने केलं. सिमकार्ड काढलं. मोबाईलची प्रत लॅपटॉपवर घेतली. मग मोबाईल बंद करून सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत सील केला. अशा प्रतीचा एक लांबलचक आकडा निघतो, अंगठ्याच्या ठशासारखा. आत टिंब जरी बदललं, तरी आकडा बदलतो.

प्रतीत क्रिकेटचे व्हिडिओ होते, शेळीच्या करडाचे फोटो होते. भांडी घासताना आई गाते, त्याची चोरून केलेली रेकॉर्डिंग होती. मितालीला रडू आवरेना. पण इच्छा म्हणावी असं काहीच सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने प्रत पुन्हा उघडली.

एक रेकॉर्डिंग जास्त होतं.

तारीख... आजची.

तिने आकडा तपासला. तोच. पिशवीचं सील शाबूत.

हेडफोन लावला. नुसती खरखर... मग परसातलं ताट वाजलं... आईचं पुटपुटणं, "ये रे बाला, घास घे..."

आणि अगदी कानाशी कुणीतरी श्वास घेतला.

"ताई... आय जेवत नाय गो."

मिताली धावत परसात गेली. आई भाताचं ताट मांडून कुंपणाकडे बघत बसली होती.

"आय, तुझं ताट कुठाय?"

"ह्येच. त्याला ठेवते रोज. माझा पोर त्या दिवशी उपाशी गेला. मी कशी जेवू?"

तेरा दिवस उलटून गेले होते, आणि आई जेवत नाही हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मितालीने भात कालवला आणि घास आईच्या तोंडाशी नेला.

"प्रणयचं हेच राह्यलंय. जेव."

आईने रडत रडत घास चावला.

कुंपणावर फडफड झाली... कावळा उतरला. ताटातलं शीत उचलून गेला.

मिताली आत आली, तेव्हा प्रतीत ते रेकॉर्डिंग नव्हतं.

आता आई दोन वेळा जेवते. मिताली होस्टेलवर परतली. गेल्या आठवड्यात भावाची आठवण आली म्हणून तिने प्रत उघडली...

पुन्हा एक रेकॉर्डिंग जास्त.

तिने आधी घरी फोन लावला. "आय, जेवलीस ना?"

"जेवले गो. का?"

"काय नाय."

ते रेकॉर्डिंग तिने अजून ऐकलेलं नाही. कावळा शिवला, आई जेवते... मग आता त्याचं काय राहिलं असेल, ह्या विचाराने तिचं बोट थांबतं.

आकडा अजूनही तोच आहे.