मावशी येऊन गेली

दुपारी त्याच्या बायकोला घरी जाऊन अंघोळ-जेवण उरकता यावं, म्हणून मी दवाखान्यात बसायला जायची. तो आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा, लिफ्ट दुरुस्त करणारा. सगळी इमारत त्याला लिफ्टवालाच म्हणते. दुसऱ्यांच्या घरात डोकावायची खोड मला आहेच, पण त्या दिवसांत ती कामी आली.

त्याच्या स्कूटरला मागून ट्रकने उडवलं होतं. कमरेचं हाड फुटलं आणि त्या हाडाने आतली लघवीची नळी तोडली. डॉक्टरांनी धातूची पट्टी आणि स्क्रू लावून हाड बसवलं. बेंबीखाली भोक पाडून मूत्राशयात रबरी नळी घातली, तिचं टोक खाटेला टांगलेल्या पिशवीत. आतली तुटलेली नळी काही महिन्यांनी सांधायची होती. तोवर पिशवीत स्वच्छ लघवी उतरली, की आम्ही लॉटरी लागल्यासारखे हसायचो.

स्कूटरवर मागे त्याची मावशी होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. ती जागच्या जागी गेली. "थोडी ताकद येऊ दे, मग सांगा," डॉक्टर म्हणाले होते. म्हणून आम्ही सांगायचो, ती दुसऱ्या दवाखान्यात आहे, पाय प्लास्टरमध्ये आहे.

त्या दुपारी वॉर्डात फिनेलचा वास कोंडला होता. पंखा कुरकुरत होता, बाकी चिडीचूप. मी उशाशी स्टुलावर टेकले. स्टूल गरम लागलं, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखं.

"काकू, मावशी येऊन गेली," तो म्हणाला.

दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बाईंना सगळे मावशीच म्हणतात. मला वाटलं, त्याच.

"पिशवी रिकामी केली का त्यांनी?"

"केली ना. तुमच्यासारखी सांडत नाही ती."

"बरं बाबा, मी वेंधळी!" मी हसले. मग हसू तोंडातच राहिलं. वॉर्डातल्या मावशींना तो 'आल्या', 'गेल्या' म्हणायचा. चुकूनही कधी 'गेली' नाही.

"कोण... कोण मावशी रे?"

"माझी. रोज येते. जाताना 'चल, येते' म्हणते." त्याने दाराकडे पाहिलं. "आज 'येते' नाही म्हणाली, काकू. नुसतंच 'चल' म्हणाली..."

मी त्याचा हात धरला.

"ती गेलीय ना?"

"छे रे! चांगली आहे ती."

"खोटं बोलताना तुम्ही चष्मा पुसता." तो हसला. "माझ्या बायकोला सांगू नका मला कळलंय ते. बिचारी किती मेहनतीने खोटं बोलते..."

आणि एकदम त्याचा श्वास अडकला. मी ओरडले, सिस्टर धावल्या, डॉक्टर आले. पायातली गुठळी छातीत गेली म्हणाले. मग पंखाच तेवढा ऐकू येत राहिला.

जिन्याच्या तोंडाशी मी भिंतीला धरून उभी होते. त्याच्या बायकोला फोन कोणत्या तोंडाने करू, सुचत नव्हतं. वॉर्डातल्या मावशी बादली घेऊन खालून वर आल्या. त्यांना अजून काही कळलं नव्हतं.

"काय हो, तुमच्या पेशंटला एवढ्यात जिना उतरायला कोणी सांगितलं?" त्या करवादल्या. "नळी नाही, पिशवी नाही, म्हातारीच्या हाताला धरून तरातरा खाली! मी विचारलं, कुठे निघालात? तर म्हणाले, बायकोला आणायला."