हळू, दीपमाला… हळू

फळी माझ्या पायाखालून सुटली आणि सरळ त्याच्याकडे निघाली.

"सरका! अहो, बाजूला सरका—"

तो कसा सरकणार? घोटाभर पाण्यातून मोटरसायकल ढकलत तो वर्धा नदी ओलांडत होता. मागच्या सीटवर दोरीने बांधलेला भलामोठा पिवळा व्हायझर होता, ट्रकच्या काचेवर उन्हासाठी लावतात तो. माझी फळी पाण्यावरून सुर्रकन गेली, रेतीच्या उंचवट्यावर उडाली आणि व्हायझरच्या कोपऱ्यावर आदळली. कोपऱ्याचा तुकडा पाण्यात पडला आणि डुलत डुलत माझ्याच दिशेने वाहत आला.

मी धावत गेले. ओली ट्रॅकपँट, केसांत रेती.

"लागलं का जी तुम्हाले?" त्यानेच विचारलं.

"मले काहून लागन? नुकसान तर तुमचं झालं."

"ह्याचं सोडा. फायबर हाय, अर्ध्या तासात जोडतो. माझंच काम होय ते." त्याने वाकून माझी फळी उचलली आणि त्याचा खांदाच खाली गेला. "बाप्पा! हे काय होय? दरवाजा?"

"स्किमबोर्ड."

"काय बोर्ड?"

मी सांगितलं. धावत यायचं, पातळ पाण्यावर फळी टाकायची, तिच्यावर चढायचं आणि उभ्याउभ्या घसरत जायचं. समुद्राच्या काठावर खेळतात.

"पण इथं समुद्र कुठं हाय?"

"म्हणून तर नदीत खेळून राह्यली."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्याच्या आधी बारीक व्हायचा. उगीचच लक्षात राहिलं माझ्या.

"सात किलो तरी असन ही. कोण्या गाढवानं बनवली?"

"माझ्या बाबांनं."

नदी एकदम शांत झाली. पलीकडच्या काठावर कोळशाचा ट्रक गेला, त्याचा आवाजही फार लांबून आल्यासारखा वाटला.

"…लाकूड मात्र एक नंबर वापरलं हाय," तो हळूच म्हणाला.

आणि मला इतकं हसू आलं की मी खाली रेतीतच बसले.

त्याचं नाव अश्वजित. वणीत चंद्रपूर रोडला त्याचं शेड होतं. ट्रकचे व्हायझर, मडगार्ड, टाक्यांची झाकणं, फायबरचं काहीही तो बनवायचा. माझे बाबा धर्मपाल त्याच रस्त्यावर, दोन किलोमीटर अलीकडे, ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधतात. दोघांची ओळख नव्हती, हे एक नवलच.

"पंधरा दिवसांत नवा, हलका बोर्ड बनवून देतो," जाताना तो म्हणाला. "पिसासारखा."

"मले नाई पाहिजे," मी म्हटलं.

पाहिजे होता. खूप पाहिजे होता… आदल्या वर्षी कोकणात एका किनाऱ्यावर मी पंधरा दिवसांचं शिबिर केलं होतं. तिथल्या जलक्रीडा शाळेने निरोप पाठवला होता की फेब्रुवारी ते मे सहायक शिक्षिका हवी आहे. पंधरा जानेवारीपर्यंत व्हिडिओ पाठव. निदान वीस पावलं लांब, न पडता घसरत जायचं आणि शेवटी एक वळण घ्यायचं. बाबांच्या फळीवर मी कशीबशी दहा पावलं जायचे, मग ती दमून थांबायची. पण ती फळी बाबांनी सहा रविवार राबून घासली होती, कडेला ट्रकवर काढतात तशी वेल काढली होती. त्यांना कसं सांगणार, की बाबा, ही जड आहे?

चार दिवस मी स्वतःला समजावलं. पाचव्या दिवशी त्याच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिले.

"मले माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"काही नाई. चप्पल काढा."

त्याने जमिनीवर जाड पुठ्ठा पसरला होता. मी फळीवर उभी राहते तशी त्यावर उभी राहिले आणि तो खडूने माझ्या पावलांभोवती रेघ ओढू लागला. अंगठ्यापासून सुरुवात केली, सावकाश टाचेकडे गेला. खडू एकदाच, चुकून, करंगळीला लागला.

"वजन किती?" त्याने पुठ्ठ्याकडे बघतच विचारलं.

"बायांले वजन विचारत नसतात."

"मले बोर्डासाठी पाहिजे, लग्नासाठी नाई—" म्हणाला आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला. खडू हातातून गळून पडला, तो उचलायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

"बावन्न," मी सांगून टाकलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बोर्ड तयार झाला. आत फोम, वरून फायबरचा पातळ थर, निमुळतं नाक, कडा सुरीसारख्या. वजन अडीच किलो. एका हाताने उचलून मी काखेत धरला तेव्हा चुकून वर्तमानपत्र धरल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रेतीघाटावर. नदीवर धुकं, पाणी बर्फासारखं. मी नेहमीसारखी जोरात धावले, बोर्ड टाकला, उडी मारली… आणि बोर्ड माझ्याशिवाय निघून गेला. मी पाठीवर.

दुसऱ्यांदा नाक रेतीत घुसलं. मी तोंडावर. तिसऱ्यांदा वाऱ्यानेच बोर्ड उलटा केला. अकरा वेळा पडले त्या दिवशी. कोपर सोललं, नाकात पाणी गेलं.

"हा बोर्ड नाई, सरडा होय!" मी ओरडले. "थांबतच नाई पायाखाली! माझ्या बाबाची फळीच बरी."

तो काठावर उकिडवा बसून मोबाइलवर व्हिडिओ घेत होता. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"पाह्य. तू येऊन आदळून राह्यली त्याच्यावर. बाबाच्या फळीले हालवाले जोर लागत होता, म्हणून तुले सवय झाली. हा तर टाकल्याबरोबर निघते. त्याले ढकलू नको. त्याच्यासंगं चाल."

"तुले काय समजते? तू कधी उभा राह्यला का त्याच्यावर?"

"नाई. पण पाहून तर राह्यलो ना, सकाळपासून…"

'जी' गेलं होतं, 'तू' आलं होतं. कधी, ते दोघांनाही कळलं नाही.

मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. धावणं बंद. नुसतं चालत यायचं, बोर्ड फेकायचा नाही, पाण्यावर सपाट ठेवल्यासारखा सोडायचा. उडी मारायची नाही. एक पाय, लगेच दुसरा, जिना चढतो तसं. गुडघे वाकलेले, वजन मधोमध. टाचेवर जरा भार गेला तरी तो गर्रकन वळायचा. डोकं वळवलं तरी त्याला कळायचं. बाबांच्या फळीवर मी अर्धी झोपेत असले तरी चालायचं. ह्याच्यावर श्वाससुद्धा जपून घ्यावा लागायचा.

"हळू, दीपमाला… हळू… अवं हळू ना!" काठावरून त्याची हाक.

रोज सकाळी सहा ते आठ, मग तो शेडवर, मी शिकवणीच्या पोरांकडे. तीन पावलं. पाच. आठ. नाताळच्या सुटीत एकदा बारा झाली आणि मी आनंदाने त्याचे दोन्ही हात धरले. मग सोडून दिले.

तीस डिसेंबरला बोर्ड दगडावर गेला आणि नाकाला चीर पडली.

"देतो जोडून," अश्वजित म्हणाला.

मी रोज संध्याकाळी शेडवर जायचे. "झाला?" "थंडी हाय ना, जोडाचं रेझिन वाळतच नाई." मग चहा यायचा. गप्पा व्हायच्या, त्याच्या आत्याच्या, नदीपलीकडच्या गावाच्या, आयटीआयच्या, कशाकशाच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "झाला?" "उद्या नक्की." आठ दिवस असे गेले. खरं सांगते, चहासाठी मीही लवकरच निघायचे.

आठव्या दिवशी जेवताना मी वैतागून बोलले, तेव्हा बाबांना नव्या बोर्डाचं कळलं. ते रागावले नाहीत. हातातला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

"केवढी चीर हाय?"

"बोटाएवढी."

"मंग आठ दिवस कायले? हॅलोजनचा दिवा लावला का एका रात्रीत धरते फायबर. तुमचा कारागीर एक तर कच्चा हाय, नाई तर लबाड."

आई, कांताबाई, पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता म्हणाली, "कच्चा नसन तो."

मी ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडायच्या आधीच मी दारात होते.

"कधी झाला होता बोर्ड?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खोटं बोलला नाही. "एक तारखेले."

"आणि मी रोज येऊन विचारत होती!"

"तू रोज येत होती म्हणूनच…" "बोर्ड नेला असता तर तू इकडं कायले आली असती? आणि व्हिडिओ पाठवला का तू गेलीच. मी माझ्या हातानं तुले जायची गाडी बनवून देल्ली, दीपमाला. आठ दिवस ती उशिरा सुटावी वाटलं."

"माझी तारीख पंधरा हाय. सहा दिवस राह्यले."

"चुकलो मी."

"तुले मी जाऊ नये वाटते?"

"वाटते." मग थोडं थांबून, "अन् जावं असंही वाटते. दोन्ही वाटते. काय करू?"

एरवी मी विरघळले असते. पण त्या एका व्हिडिओसाठी मी अंगभर काळीनिळी झाले होते, आणि ह्याने माझे आठ दिवस चहात बुडवले होते. मी बोर्ड घेतला आणि चालू लागले. मागे वळून पाहिलं नाही. पाहावंसं फार वाटलं.

पुढच्या पाच सकाळी मी एकटीच गेले. काठावर हाक मारायला कोणी नाही. नुसतं पाणी, बगळे आणि मी. पहिल्या दिवशी रागाने धावले, चार वेळा पडले. मग माझं मीच पुटपुटू लागले, हळू… हळू. तिसऱ्या दिवशी काहीतरी झालं. पाय टेकला आणि आवाजच आला नाही. बोर्ड आणि पाणी ह्यांच्यात मी आहे की नाही, असं. सोळा पावलं. पाचव्या दिवशी वीस, आणि टाच किंचित दाबताच बोर्ड सुंदर वळला. पाहायला कोणीच नव्हतं.

पंधरा तारखेला व्हिडिओ घ्यायला बाबा आले. मफलर, स्वेटर, आणि मोबाइल दोन्ही हातांत घट्ट धरलेला. मी गेले, वळले, परत आले. बाबांचे डोळे भरलेले.

"माझी जड होती, नाई का वं?"

"बाबा…"

"मी मुद्दामच जाड प्लाय घेतला. तू पडशीन म्हणून भेव वाटे. हलकी फळी पोरीले पाडन, असं वाटे." त्यांनी मफलरने नाक पुसलं. "पडली का लय?"

"लय."

"मंग शिकली तू."

मी त्यांच्या गळ्यात पडले, ओलीच. मग आम्ही व्हिडिओ लावला. पूर्ण पन्नास सेकंद बाबांचं कपाळ होतं, आणि मागे कुठेतरी पाण्याचा आवाज.

"उलटा कॅमेरा चालू होता वाटते," बाबा म्हणाले. पुन्हा घेतला, त्यात त्यांचा अंगठा. तिसऱ्यांदा घेतला, त्यात रेती. नऊ वाजत आले, वारा सुटायला लागला.

"बोलाव त्याले," बाबा म्हणाले.

"कोणाले?"

"त्या लबाडाले."

मी फोन लावला. एवढंच म्हटलं, "ये."

सतरा मिनिटांत आला. स्वेटर उलटा, बोटांना रेझिन, एका पायात बूट, एका पायात चप्पल. बाबांना जयभीम केला, माझ्याकडे पाहायचं धाडस केलं नाही, मोबाइल घेऊन सरळ घोटाभर पाण्यात जाऊन उभा राहिला.

ह्या वेळी त्याने हाक मारली नाही. मी चालत आले, दोन पावलं धावले, बोर्ड पाण्यावर ठेवला. एक पाय. दुसरा. काठ मागे जाऊ लागला, बगळे उडाले, तो माझ्या डावीकडून सरकत गेला, त्याचा चेहरा, त्याचा श्वास रोखलेला… मी टाच दाबली. बोर्ड वळला आणि त्याच्यापुढे येऊन थांबला. मी उभीच होते.

"आला?" मी विचारलं.

"आला." तरी तो मोबाइल खाली करेना.

"मग बंद कर ना."

"करतो…" म्हणाला, आणि केला नाही.

निरोप पंचवीस तारखेला आला. मला घेतलं होतं. आईबाबांना सांगितलं आणि तशीच शेडवर गेले. तो एका मडगार्डला पॉलिश पेपर मारत होता. माझा चेहरा पाहिला आणि त्याला कळलं.

"कधी?"

"एक तारखेले. मे संपता संपता परत."

"बरं झालं." खरंच म्हणाला तो, मनापासून. मग पॉलिश पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "एक सांगायचं होतं. काल मी तुह्या बाबाले भेटलो."

"कायले?"

"विचाराले. ते म्हणे, मले काहून विचारतं? पोरीले विचार."

"मग?"

"मग काय… विचारू का?"

"आता हेही विचारूनच विचारणार तू?"

तो उभा राहिला. केसांवर पांढरी भुकटी, कान तेच, लाल.

"दीपमाला, मले तू पाहिजे. वणीत राह्यली तरी अन् समुद्रावर राह्यली तरी. तुले… चालन का?"

आठ दिवस लावणारा माणूस. एका दमात बोलून मोकळा झाला. मीच अडखळले.

"चालन," मी म्हटलं. मग ते पुरेसं वाटलं नाही. "आवडन. लय आवडन. पण ह्या चार महिन्यांत दोनदा तरी तू तिकडं यायचं. समुद्र पाह्यला का कधी?"

"नाई."

"घाबरशीन."

"तू असशीन ना तिथं?"

"असीन. पण मी कोणालेच काठावर बसून राहू देत नाई. पाण्यात उतरावं लागन. पोहायची चड्डी हाय का?"

नव्हती. त्याने दुपारी दोनलाच शेडचं शटर ओढलं आणि आम्ही दोघं भर बाजारातून, ओळखीच्या सगळ्या दुकानांपुढून, पोहायची चड्डी शोधत फिरलो. सहा दुकानं झाली. सहाही दुकानदार आमच्याकडे आळीपाळीने बघत म्हणाले, भाऊ, जानेवारीत? वणीत? सातव्याने आत जाऊन एक काढली, भडक केशरी आणि दोन माप मोठी. अश्वजितने ती कमरेला लावून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा डावा डोळा बारीक होतो न होतो तोच मी दुकानदाराला म्हटलं, "द्या बांधून."