शॉटसाठी दिलेला शब्द

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं आनंदाकाकांनी बजावलं होतं. मी फारशी बोलत नाही, म्हणून लिहिते आहे.

परवा रात्री लालबागला आमच्या चाळीत लाइट गेले होते. गॅलरीत बसून काका आम्हा मुलांना सांगत होते. त्यांचा पुतण्या जयवंत परळला एका डॉक्युमेंटरीचं एडिटिंग करत होता. दिग्दर्शक त्याचा मित्र शंतनू. तो गोदावरीच्या काठाकाठाने फिरला आणि भेटेल त्याला एकच विचारत गेला, समुद्राला मिळाल्यावर नदी उरते का?

“तात्या होडीवाला म्हणाला, मी समुद्र बघितलाच नाही, तर काय सांगू? एकदा दाखवा. आणि महिन्याभरात म्हातारा गेला.”

दहाव्याला शंतनू कॅमेरा घेऊन घाटावर हजर. कावळा पिंडाला शिवेना. मुलगे, सुना, सगळे काय काय कबूल करून थकले. ऊन कलत होतं. शेवटी कॅमेऱ्यामागून शंतनूच म्हणाला, “तात्या, तुम्हाला समुद्रावर मी नेतो.”

कावळा झटकन शिवला. शॉट मिळाला. शंतनू मुंबईला परतला आणि विसरला.

“गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या,” काकांनी आवाज उतरवला. “रात्रीचा एक. जयवंत एडिटिंगला एकटाच. पडद्यावर तात्याची रिकामी होडी. त्याने चित्र थांबवलं… वल्ह्याचा आवाज थांबेना.”

“ब्लूटूथ असेल, काका!” आमच्यातला गौतम हसला.

“गप रे. सगळं बंद केलं होतं त्याने.”



जयवंतने शंतनूच्या शीवच्या घरी फोन लावला. “तू शब्द दिलायस. त्या माणसाच्या नावाने समुद्रावर जाऊन ये.”

“येडा झालास का रे? शॉटसाठी बोललो मी ते. झोप आता…”

जयवंत फोन ठेवणार, तोच शंतनूचा आवाज पुन्हा आला.

“जयवंत…”

“काय रे?”

“माझ्या खोलीत… कोण वल्हवतंय?”

फोन बंद.

पहाटे शंतनू वरळीला खडकांवर सापडला. जिवंत. कपडे कोरडे. तोंडातून शब्द नाही. जयवंतने त्याचा हात धरला आणि…

काका थांबले. आम्ही आणखी जवळ सरकलो.

शंतनूच्या तळव्यांवर घट्टे होते. जुने, पिवळट. जन्मभर वल्ही मारल्यासारखे. एका रात्रीत.

फिल्म तशीच पडून आहे. शंतनू आता जयवंतकडे, आमच्याच मजल्यावर राहतो. म्हणून तर काका सांगू नका म्हणाले. पण काल रात्री मी पाणी प्यायला उठले, तर त्याच्या खिडकीतून

“नूपुर! अगं, किती हाका मारायच्या?”

आई बोलावतेय. खिडकीतून दिसलं, की झोपेतच त्याचे दोन्ही हात पुढे-मागे, पुढे-मागे